विश्लेषण : एका चहाचे प्रायश्चित्त न्या. रानडे यांनी का घेतले?

पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंच हौद मिशनमध्ये १४ ऑक्टोबर १८९० रोजी एक व्याख्यान झाले. व्याख्यानाला शहरातील नामांकित मंडळी होती. न्या. महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखलेही होते. कार्यक्रम संपल्यावर मिशनच्या लोकांनी सर्वांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातात घेऊन तसाच बाजूला ठेवला. मंडळी घरी गेली.

काही दिवसांनी ‘पुणे वैभव’ या पत्रात हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि शहरात गहजब उडाला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला, असे सनातनी मंडळींचे म्हणणे. ही बातमी पत्रापर्यंत पोहोचवली ती गोपाळराव जोशी यांनी. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे हे पती. विक्षिप्तपणासाठी ते प्रसिद्ध होते. तो कार्यक्रम जुळवून आणण्यातही त्यांचाच हात होता. सुधारक म्हणवणारे किती पाण्यात आहेत, हे त्यांना पाहायचे होते, असे मानले जाते.

पुढची दोन वर्षे हे प्रकरण गाजत राहिले. अखेर १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. ज्यांना अख्खा महाराष्ट्र सुधारकांचे अग्रणी मानत होता, त्यांनीच मान तुकवली, म्हणून सुधारक हळहळले आणि विरोधकांनी टाळ्या पिटल्या. पण रानडे यांचे आयुष्य पाहिले तर या घटनेत नवे असे काही नव्हते. मांडव फुटू नये म्हणून स्वतः दोन पावले मागे यायचे, ही त्यांची जुनी रीत होती. तिचा फायदा झाला, तसा तोटाही झाला.

बहिष्कार म्हणजे नेमके काय होत असे?

आजच्या वाचकाला चहावरून एवढे रामायण हास्यास्पद वाटेल. त्या काळी मात्र ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, थेट घरात शिरत असे. श्राद्धाला, मुंजीला भटजी येत नसत. पंगतीत पान मांडले जात नसे. मुलीचे लग्न ठरत नसे आणि ठरलेले असले तर मोडण्याची धास्ती असे. सासरी गेलेल्या लेकीला माहेरी पाठवणे बंद होई. पुरुष कचेरीत जाऊन बसत. घरातल्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले यांना मात्र रोज या बहिष्काराशी गाठ पडत असे.

प्रकरण शंकराचार्यांकडे गेले आणि त्यांनी चौकशीसाठी शास्त्री पाठवले. टिळकांनी शास्त्राचाच आधार घेऊन बाजू मांडली. आपण काशीत प्रायश्चित्त घेतले आहे, असे त्यांनी सांगितले. रानडे यांना स्वतःसाठी कशाचीच गरज नव्हती. ते सरकारी न्यायाधीश होते, बहिष्काराची त्यांना सवयही होती. पण त्यांच्यासोबत अडकलेल्या काही स्नेह्यांच्या घरी हाल सुरू होते. रानडे बाहेर राहिले तर त्या मंडळींचा मार्गही मोकळा होत नव्हता. पत्नी रमाबाईंना हा निर्णय पटला नव्हता. त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत या प्रसंगाची सल उमटली आहे. लोक नावे ठेवतील हे रानडे यांना ठाऊक होते. त्यांनी ती ऐकून घेतली.

निफाड ते पुणे

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानात नोकरीला होते, त्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये आले. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्याच मॅट्रिक परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. त्याच सुमारास ते ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी विभागाचे काम पाहू लागले आणि विधवाविवाहाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला.

तेव्हाच्या सुधारकांचा भर शास्त्रार्थावर होता. विधवेच्या लग्नाला शास्त्राची मान्यता आहे हे सिद्ध केले की समाज ऐकेल, अशी त्यांची भाबडी म्हणावी अशी श्रद्धा होती. १८६९ मध्ये एका विधवेचे लग्न प्रत्यक्ष लागले. त्यात पुढाकार घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला, त्यात रानडेही होते. पुढच्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांपुढे दोन्ही बाजूंचा जाहीर वाद झाला. विष्णुशास्त्री पंडित सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. पंचांचा कौल पुनर्विवाहाच्या विरोधात गेला.

सुधारक हरले खरे, पण एक गोष्ट घडली. जो विषय घरात दबक्या आवाजातही काढता येत नव्हता, त्यावर पुण्यात दिवसच्या दिवस जाहीर चर्चा झाली. रानडे यांच्या पुढच्या तीस वर्षांच्या कामाची दिशा पाहिली, तर वाद हरला तरी चालेल पण तो उघड्यावर व्हावा, हीच भूमिका जागोजागी दिसते.

बोलण्यासाठी जागा कशा उभ्या केल्या?

१८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून रानडे पुण्यात आले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी आदल्याच वर्षी सार्वजनिक सभा स्थापन केली होती. या सभेचा एक नियम आजही लक्ष वेधून घेतो. सभासद व्हायचे तर किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे सभेत बोलणारा स्वतःपुरता बोलत नसे, कोणाच्या तरी वतीने बोलत असे. निवडणुका, मतदान हे शब्दही लोकांच्या कानावर पडले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. सरकारी नोकरीमुळे रानडे उघडपणे पुढारी होऊ शकत नव्हते, पण सभेची अर्जे, दुष्काळाच्या पाहण्या, पुढे सुरू झालेले त्रैमासिक यांमागे डोके त्यांचेच असे.

कोर्टकज्जांत बुडणाऱ्या लोकांसाठी लवाद कोर्टाची कल्पना सभेने उचलून धरली. दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून तंटा मिटवायचा, वकिलांचा खर्च वाचवायचा. स्वतः न्यायाधीश असलेल्या माणसाने कोर्टाबाहेरच्या तडजोडीला बळ द्यावे, यातच त्यांचा स्वभाव दिसतो. १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तीही रानडे यांच्या प्रेरणेने. उन्हाळ्यात संध्याकाळी जमायचे, एकाने विषय मांडायचा, बाकीच्यांनी ऐकून मग शंका काढायच्या. सभ्यपणे मतभेद मांडण्याची सवय लागावी लागते, आणि ती लावण्यासाठी रोजच्या बैठकी लागतात, हे त्यांना उमगले होते. पुणेकरांना तशी बोलण्याची सवय होतीच, ऐकण्याची लावायची होती.

त्याच वर्षी स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. त्यांच्या व्याख्यानांमागे रानडे होते. निरोपाची मिरवणूक काढायचे ठरले, तेव्हा दंगा होणार याचा अंदाज आला. रानडे यांनी जोतीराव फुले यांची मदत मागितली आणि फुले आपल्या माणसांसह मिरवणुकीत आले. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून टवाळी केली, चिखलफेकही झाली. वेदांना प्रमाण मानणारे दयानंद, वेदांना आव्हान देणारे फुले आणि प्रार्थना समाजाचे रानडे त्या दिवशी एकाच रस्त्याने चालले. असा योग पुन्हा आला नाही.

घरात काय घडत होते?

बाहेर सर्वांना बोलते करणारा हा माणूस वडिलांपुढे मात्र गप्प होई. १८७३ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता आता विधवेशी लग्न करील, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांना हीच भीती होती. त्यांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली. रानडे तेव्हा बत्तिशीच्या घरात होते. त्यांनी विरोध केला, विनवण्या केल्या, पण अखेर बोहल्यावर उभे राहिले. ही टीका त्यांच्यामागे जन्मभर राहिली आणि ती खोटी नव्हती.

पुढे विष्णुशास्त्री पंडित यांनी स्वतः विधवेशी लग्न केले. रानडे यांनी त्यांना घरी जेवायला बोलावले, तर वडील घर सोडून कोल्हापूरला निघाले. तेव्हाही मुलानेच पडते घेतले.

ही दुबळेपणाची उदाहरणे म्हणून सांगितली जातात. पण त्याच घरात त्या अकरा वर्षांच्या मुलीला रानडे यांनी लग्न होताच अक्षरे शिकवायला घेतली. घरातल्या बायका तिला टोमणे मारत, तिच्याशी अबोला धरत. रात्री नवरा शिकवायचा आणि दिवसा त्याची किंमत तिने मोजायची, असे वर्षानुवर्षे चालले. रानडे यांनी घरातल्यांशी भांडण मांडले नाही, पण शिकवणे थांबवलेही नाही. त्या शांततेचा भार मुख्यतः रमाबाईंनी वाहिला, हे विसरून चालणार नाही. १८८४ मध्ये मुलींची हुजूरपागा शाळा निघाली, तिच्या संस्थापकांत रानडे होते. पुढे सेवासदनच्या रमाबाई रानडे म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, त्या याच रमाबाई.

फुले यांनी मांडवात यायला नकार का दिला?

रानडे यांच्या पद्धतीवरचा सर्वांत खोल आक्षेप सनातन्यांकडून आला नाही. तो फुले यांच्याकडून आला. १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. रानडे हे तिचे एक प्रमुख चालक होते. फुले यांना निमंत्रण गेले. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला आणि ते पत्र छापूनही आले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या माणूसपणाच्या हक्कांना जागा नाही, ते हक्क जे उघडपणे द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. एकी हवी असेल तर आधी तिचे मूळ शोधा, असे फुले बजावत होते. शेतकऱ्यांची स्थिती सुधारली आहे असे रानडे यांनी म्हटले, तेव्हा त्याचाही समाचार फुले यांनी त्याच वर्षी ‘इशारा’ या पुस्तिकेत घेतला.

मिरवणुकीत दहा वर्षांपूर्वी सोबत चाललेल्या मित्राचा हा नकार होता. मांडव सर्वांचा आहे असे घालणारा म्हणतो, पण कोणाला पुढे बसवायचे आणि कोणाला दाराशी, हे आधीच ठरलेले असते. फुले यांचा मुद्दा हा होता. रानडे यांच्या बैठकींत बोलणारे बहुतेक इंग्रजी शिकलेले आणि उच्चवर्णीय होते, ही वस्तुस्थिती आहे. संवादाची त्यांची तळमळ खरी असली तरी तिचा परीघ लहान होता.

एक मांडव, दोन परिषदा

काँग्रेसची स्थापना १८८५ ची. तिच्या व्यासपीठावर सामाजिक प्रश्न घ्यायचे नाहीत, असे लवकरच ठरले. कारण व्यवहारी होते. हिंदू, मुसलमान, पारशी एकत्र जमणार, त्यात कोणाच्या चालीरीतींवर कोणी ठराव करायचा? यावर रानडे यांनी तोड काढली. १८८७ पासून सामाजिक परिषद स्वतंत्रपणे भरू लागली, पण काँग्रेसला जोडूनच, तिचे अधिवेशन संपले की त्याच मांडवात. राजकारणासाठी देशभरातून आलेली माणसे दोन दिवस थांबतील, बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण यांवर एकमेकांचे ऐकतील, असा हिशेब.

आठ वर्षे हे सुरळीत चालले. १८९५ मध्ये काँग्रेस पुण्यात भरायची ठरली आणि खटका उडाला. टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मांडव द्यायला विरोध केला. सामान्य माणूस काँग्रेसपासून दूर जाईल, मूठभर सुधारकांसाठी राष्ट्रीय कामात फूट नको, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हता. पण वाद तिथे थांबला नाही. मांडव जाळण्याच्या धमक्या आल्या. त्याच वर्षी सार्वजनिक सभाही रानडे यांच्या गटाच्या हातून गेली. ज्या संस्थेला त्यांनी चोवीस वर्षे दिली, तिथे बहुमत दुसऱ्यांचे झाले.

रानडे तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. मनात आणले असते तर काँग्रेसमधल्या आपल्या वजनाचा वापर करून त्यांना मांडव मिळवता आला असता. त्यांनी परिषदच हलवली. फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात वेगळा मांडव पडला आणि परिषद तिथे झाली. काँग्रेसचे अधिवेशन सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली पार पडले. फुटीची भाकिते करणारे तोंडघशी पडले.

परिषदेत बोलताना रानडे यांनी पुण्यातच एवढी भांडणे का, याचा ऊहापोह केला. विरोधकांना दूषणे देण्याऐवजी त्यांनी असा विचार मांडला की, इथे सुधारणा जुन्या समाजात राहूनच करायची असल्याने घर्षण होते. जिथे सुधारक समाजाबाहेर पडून वेगळा पंथ काढतात, तिथे भांडणही उरत नाही. पराभवानंतर वैरी शांत डोक्याने समजून घ्यायचा हा प्रयत्न आजच्या राजकारणाच्या सवयीने वाचला तर विचित्रच वाटेल.

पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्कन सभा काढली. म्हणजे मांडव अखेर दोन झालेच. चहाच्या वेळी ज्या किमतीवर एकोपा टिकवला, तो तीनच वर्षांत तुटला.

हिंदू-मुसलमान प्रश्नावर त्यांचे म्हणणे काय होते?

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. महाराष्ट्रातले वातावरण त्यानंतर बदलत गेले. अशा काळात १८९९ च्या लखनौच्या सामाजिक परिषदेत रानडे यांनी याच प्रश्नाला हात घातला. दोन्ही समाजांच्या सहवासाने राज्यकारभार, कला, संगीत आणि धर्मविचार कसे घडले, याची त्यांनी इतिहासातून मांडणी केली. अकबराच्या धोरणाचा त्यांनी गौरव केला. दोन्ही समाजांची दुखणी सारखी आहेत, त्यामुळे एकमेकांचा हात धरल्याशिवाय कोणीच पुढे जाणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा त्यांची प्रकृती ढासळली होती.

१९०० मध्ये त्यांचे मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचे इंग्रजी पुस्तक आले. मराठ्यांचे राज्य हे एका पराक्रमी पुरुषाचे किंवा एका जातीचे काम नसून सगळ्या समाजाच्या जागृतीचे फळ आहे, अशी त्यातली मांडणी. संतांना त्यांनी त्यात मोठी जागा दिली. शिंपी, माळी, कुंभार, सोनार, महार अशा सर्व थरांतून आलेल्या संतांनी आधी मने जवळ आणली आणि मग राज्य उभे राहिले, असे ते सांगतात. नंतरच्या अनेक इतिहासकारांना हे पटलेले नाही. संतांचा आणि राज्यस्थापनेचा संबंध त्यांनी ताणला, असा आक्षेप आहे. इतिहास म्हणून त्यात उणीव असेलही, पण रानडे यांना समाजाकडून काय हवे होते, हे त्या पानांत स्वच्छ दिसते.

मृत्यूनंतर

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत रानडे यांचे निधन झाले. एकोणसाठ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस कमी होते. ‘केसरी’त टिळकांनी मृत्युलेख लिहिला. दहा-बारा वर्षे ज्यांच्याशी जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर झुंज घेतली, त्यांच्याविषयी लिहिताना टिळकांनी हात आखडता घेतला नाही. पेशवाईनंतर निपचित पडलेल्या महाराष्ट्रात पुन्हा जीव आणण्याचे श्रेय त्यांनी रानडे यांना दिले.

फुले यांच्या आक्षेपाचे काय झाले, याचे उत्तर शोधायला आणखी बेचाळीस वर्षे पुढे जावे लागते. १८ जानेवारी १९४३ रोजी रानडे यांची १०१ वी जयंती पुण्यात साजरी झाली. गोखले स्मारक सभागृहात व्याख्यानासाठी वक्ते म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. राजकीय सुधारणेपेक्षा सामाजिक सुधारणेला अधिक धैर्य लागते, कारण तिथे आपल्याच समाजाच्या विरोधात उभे राहावे लागते, या कसोटीवर त्यांनी रानडे यांना मोठे ठरवले. व्यक्तिपूजेवर त्याच भाषणात त्यांनी कडक टीका केली. त्या व्याख्यानाचे निमंत्रण आंबेडकरांना दिले होते १८९६ च्या फुटीतून जन्मलेल्या डेक्कन सभेने.